प्रश्नोत्तरे : ‘मायनस एकवीस’ चांगले की वाईट?

प्रश्न : आमच्याकडे नुकतीच फायबरची जोडणी झाली. आलेल्या मुलाने केबलच्या टोकाला एक छोटे यंत्र लावले, त्यावर ‘मायनस एकवीस’ असा आकडा आला आणि ‘एकदम मस्त आहे काका’ म्हणून तो निघून गेला. उणे आकडा मस्त कसा? आणि तो मस्त असेल, तर जोराचा पाऊस आला की नेट का जाते?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी उणे चिन्हाचा धाक काढून टाकू. त्या मुलाच्या हातातले यंत्र म्हणजे पॉवर मीटर. तंतूतून येणारा प्रकाश ते डीबीएम या मापात दाखवते. या मापात शून्य म्हणजे एक मिलिवॉट, आणि प्रकाश त्याहून कमी आला की आकडा उणे होतो. आकडा ३ ने उतरला की प्रकाश निम्मा झाला, १० ने उतरला की दहावा हिस्सा उरला. या हिशेबाने उणे २१ म्हणजे मिलिवॉटचा साधारण सव्वाशेवा भाग. एवढ्याशा प्रकाशावर घरभर चित्रपट चालतात, कारण तुमच्या घरातला डबा, म्हणजे ओएनटी, त्याहूनही अंधुक प्रकाश वाचू शकतो. आपल्याकडे घरोघरी दिल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीच्या जोडण्यांत सर्रास वापरला जाणारा डबा उणे ८ ते उणे २७ या पट्ट्यात काम करतो. उणे २७ च्या खाली त्याला खुणा ओळखता येत नाहीत. उणे ८ च्या वरही येत नाहीत, कारण तिथे प्रकाश त्याला सोसत नाही.

म्हणजे मुलगा खोटे बोलला नाही, उणे २१ पट्ट्यात बसते. पण जोडणी नीट झाली का, हे एकट्या त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी दोन आकडे शेजारी ठेवावे लागतात : प्रकाश किती आला आणि किती यायला हवा होता.

दुसरा आकडा कागदावर काढता येतो. समजा, केंद्रातल्या यंत्रातून अधिक ३ डीबीएम प्रकाश निघतो आणि तिथून तुमची इमारत ४ किलोमीटरवर आहे. घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. त्यातला दर किलोमीटरला पाव डेसिबल काच खाते, म्हणजे झाला १. वाटेत दोन स्प्लिटर लागतात, कारण एकाच तंतूतला प्रकाश अनेक घरांत वाटायचा असतो. आठ वाटा करणारा स्प्लिटर साडेदहा डेसिबल घेतो, चार वाटा करणारा सव्वासात. पाच कनेक्टर प्रत्येकी ०.३ धरले तर दीड, सहा जॉइंट प्रत्येकी ०.१ धरले तर ०.६. सगळी बेरीज जवळपास २१. अधिक ३ मधून २१ वजा केले की घरी उणे १८ दिसायला हवे. तुमच्या इमारतीचे अंतर आणि स्प्लिटर वेगळे असतील, पण या उदाहरणात उणे २१ दिसले तर ३ डेसिबल, म्हणजे यायला हवा होता त्यातला निम्मा प्रकाश, वाटेत बेहिशेबी गेला असे समजायचे. नेट तरीही चालते, आणि चालते म्हणून कोणी शोधत नाही. ‘दिवा हिरवा झाला की काम झाले’ ही आपल्याकडची चाचणीची रूढ व्याख्या आहे आणि ती मला अजिबात मान्य नाही.

हा बेहिशेबी प्रकाश काचेने खाल्लेला नसतो. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी इंग्लंडमधल्या हार्लो इथल्या प्रयोगशाळेतून निबंध लिहिला, तेव्हाच्या काचेत दर किलोमीटरला हजार डेसिबलपर्यंत प्रकाश मरत असे. ही घट २० पर्यंत आणता आली, म्हणजे किलोमीटरभर गेल्यावर एक टक्का प्रकाश उरला, तरी दूरसंचारासाठी काच चालेल असे त्यांनी मांडले. दोष काचेच्या अंगचा नसून तिच्यातल्या अशुद्धींचा आहे, हे त्यांचे म्हणणे. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी २० ची वेस ओलांडली. काओंना २००९ मध्ये नोबेल मिळाले. आजच्या तंतूत १५५० नॅनोमीटरला दर किलोमीटरला ०.२ डेसिबल घट असते, म्हणजे किलोमीटरनंतर ९५ टक्के प्रकाश शिल्लक असतो. काओंना एका किलोमीटरनंतर जेवढा उरला तरी चालणार होता, तेवढा आज १०० किलोमीटरनंतर उरतो. असा तंतू छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला आणि गोव्यात वेर्ण्याला ओढला जातो. बाजारात जाण्यापूर्वी त्याची लांबीच्या लांबी साधारण एक टक्का ताणून तपासतात आणि जिथे कमकुवत असेल तिथे तो कारखान्यातच तुटतो. म्हणून कारखान्याबाहेर पडलेला तंतू बहुधा निर्दोष असतो. त्यानंतर जे काही बिघडते, ते माणसांच्या हातून.

त्यातले सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण धूळ. तंतूची काच १२५ मायक्रॉन जाड, पण प्रकाश ज्यातून धावतो तो मधला गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. डोक्याचा केस त्याच्या सात-आठ पट जाड भरेल. दोन कनेक्टर समोरासमोर आले की हे दोन गाभे एकमेकांना तंतोतंत टेकायला हवेत. मध्ये धुळीचा कण आला तर तो नुसता प्रकाश अडवत नाही, स्प्रिंगच्या दाबाखाली काचेत रुतून कायमचा खड्डा पाडतो. बोटाचा तेलकट ठसाही पुरतो. कनेक्टर उघडला की लावण्यापूर्वी सूक्ष्मदर्शकाच्या छोट्या कॅमेऱ्यातून पाहायचा, मळला असेल तर धागे न सुटणाऱ्या कापडाने किंवा टकटक करणाऱ्या क्लीनर पेनने पुसायचा, पुन्हा पाहायचा आणि मगच लावायचा, हा नियम आहे. समोरचा, डब्याच्या आतला कनेक्टरही पुसायचा. तो नेहमी राहून जातो. शर्टाच्या टोकाने पुसणे आणि तोंडाने फुंकर मारणे हे दोन्ही उपाय आपल्या गल्ल्यांत लोकप्रिय आहेत. फुंकरीत थुंकीचे तुषार असतात, एवढे सांगून पुरे. नव्या कनेक्टरवरची टोपी काढली म्हणजे आत स्वच्छच असेल, असेही धरू नये. टोपीच्या प्लॅस्टिकचा कचरा काचेवर उतरतो.

दुसरे कारण जॉइंट. दोन तंतू विजेच्या ठिणगीने वितळवून जोडतात, त्याला स्प्लायसिंग म्हणतात. रंगीत आवरण सोलायचे, काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, क्लीव्हरने बरोबर काटकोनात तोडायची, मशीनमध्ये ठेवायची. पुढचे काम मशीन करते. पण जोडाला जपणारी स्लीव्ह सोलण्याच्याही आधी तंतूत ओवलेली असावी लागते. ती विसरली तर झालेला चांगला जॉइंट तोडून सगळे पहिल्यापासून, म्हणून या कामातल्या लोकांत स्लीव्हवरून एकमेकांची थट्टा ठरलेली. चांगल्या जॉइंटमध्ये ०.०२ ते ०.०५ डेसिबल जातात. मशीनच्या पडद्यावर शेवटी येणारा ‘०.०१’ हा आकडा मात्र मोजलेला नसतो. जोडाच्या चित्रावरून मशीनने बांधलेला तो अंदाज असतो. ग्राहकाला तोच दाखवून सही घेणारे भेटतात.

घराच्या टोकाला बहुतेकदा स्प्लायसिंग न करता हाताने बसवायचा फास्ट कनेक्टर लावतात. त्यात तंतू वितळवलेला नसतो. आत पारदर्शक जेल असते आणि तंतू त्यात टेकवून चिमट्यात धरलेला असतो. दोन मिनिटांत होते, स्वस्त पडते, आणि तंतू तिरका तोडला गेला असेल किंवा कोणी केबल ओढली तर तिथेच घट वाढते.

आता तुमचा पाऊस. काचेला पावसाशी देणेघेणे नाही. पण गच्चीवरच्या डब्याचे झाकण नीट बसवले नसेल तर पाणी थेट कनेक्टरवर जाते. वाऱ्याने झोके घेणारी केबल चिमट्यातला तंतू हलवते, किंवा जाळीला बांधलेल्या गाठीशी आणखी वाकते. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन डेसिबल गेले तर उणे १८ चे उणे २४ होतील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. पण मुळातच उणे २१ असेल तर तेवढ्याने उणे २७ येते आणि डबा लाल दिवा दाखवतो. कोरड्या दिवशी ‘मस्त’ असलेला आकडा पावसाळ्यासाठी किती शिल्लक ठेवतो, हे पाहायला हवे. बऱ्याच डब्यांच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ नावाने हा आकडा घरबसल्या दिसतो. एकदा कोरड्या दिवशी आणि एकदा पावसात पाहा. दोन्हींत एका डेसिबलहून जास्त फरक असेल तर तक्रार नोंदवताना ‘नेट जाते’ असे न सांगता ते दोन आकडे सांगा. तक्रारीचा सूर लगेच बदलतो.

प्रश्न : नेट बंद होते म्हणून आलेल्या माणसाने लाल प्रकाशाचे पेन लावले. दुसऱ्या टोकाला लाल प्रकाश छान दिसला, म्हणून ‘केबल ठीक आहे, डबा बदला’ म्हणाला. नवा डबा लावूनही तेच. असे का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कारण लाल पेन ‘तंतू तुटला आहे का’ एवढेच सांगते. त्याचा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या आसपासचा, तुमचे नेट चालते १४९० आणि १३१० वर. लाल प्रकाश दिसला याचा अर्थ वाट बंद नाही. वाटेत किती सांडते आहे, हे त्यातून मुळीच कळत नाही. डोळ्यांना लाल ठिपका छान वाटला तरी मीटरवर उणे ३० असू शकते.

तुमच्याकडे बहुधा केबल कुठेतरी वाकली आहे. प्रकाश गाभ्यात कोंडलेला राहतो तो काचेच्या दोन थरांतल्या बारीकशा फरकामुळे. वळण फार तोकडे झाले की तो भिंत ओलांडून बाहेर जातो. तरंगलांबी जितकी मोठी तितका तो लवकर निसटतो, आणि शोधाची किल्ली इथेच आहे. एकच तंतू १३१० आणि १५५० अशा दोन्ही प्रकाशांनी मोजायचा. दोन्हीकडे घट सारखीच वाढलेली असेल तर कनेक्टर किंवा जॉइंट पाहावा. १३१० ला ठीकठाक आणि १५५० ला खूप जास्त असेल तर केबल वाकलेली आहे, दुसरे काही शोधत बसू नये.

किती वाकलेले चालते हे तंतूच्या जातीवर ठरते. जुन्या साध्या तंतूला, ज्याला जी ६५२ म्हणतात, ३ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान वळण देऊ नये. घरांत वापरायच्या जी ६५७ ए२ जातीचा तंतू साडेसात मिलिमीटर त्रिज्येपर्यंत सहन करतो. पण घरात कोणती केबल आली आहे हे आवरणावरची छपाई वाचल्याशिवाय कळत नाही, म्हणून चहाच्या बशीपेक्षा लहान वेटोळे नकोच. उरलेली केबल करकचून बांधून कपाटामागे कोंबणे, दाराच्या फटीतून काढून वर दार लावणे, खिळा मारताना केबलवरच क्लिप दाबणे, ही नेहमीची ठिकाणे आधी पाहा.

खांबावरून घरात येणाऱ्या चपट्या काळ्या केबलीत एका कडेला पोलादी तार असते. ताण त्या तारेने घ्यायचा असतो. इमारतीपाशी ती तार वेगळी करून क्लॅम्पला अडकवायची आणि तंतूचा भाग सैल आत न्यायचा. आपल्याकडे सगळी केबल मिळून खिडकीच्या गजाला गाठ मारतात, आणि गाठीत तंतूही आवळला जातो.

जाता जाता एक तपासणी तुम्हीच करा. घरातल्या डब्याचा कनेक्टर हिरवा आहे की निळा? हिरव्याचे टोक आठ अंशांत तिरके घासलेले असते, निळ्याचे सरळ. हिरवा निळ्यात बसतो, टिक् असा आवाजही येतो, पण आत दोन काचा टेकत नाहीत आणि काही डेसिबल फुकट जातात. डब्यासोबत वायरही बदलली असेल तर ही चूक अगदी शक्य आहे.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीपर्यंत केबल आली आहे, पण वर्षातून अनेकदा बंद पडते. दुरुस्तीवाले तालुक्याला बसून ‘साडेतीन किलोमीटरवर तुटली आहे’ असे सांगतात, आणि येऊन भलतीकडेच खणतात. त्यांना अंतर कळते कसे, आणि कळते तर चुकते कसे?
— एक वाचक, जिल्हा नांदेड

उत्तर : अंतर सांगणाऱ्या यंत्राला ओटीडीआर म्हणतात. ते तंतूत प्रकाशाचा अगदी छोटा ठोका सोडते आणि परत काय येते ते पाहते. काच कितीही शुद्ध असली तरी प्रकाशाचा किंचित अंश तिच्यात विखुरतो, आणि त्यातला थोडा उलट दिशेने परततो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. जाऊन-येऊन धरले तर एका मायक्रोसेकंदाचा उशीर म्हणजे सुमारे १०० मीटर अंतर. पडद्यावर डावीकडून उजवीकडे हळूहळू उतरणारी रेघ दिसते. जॉइंटपाशी ती पायरी उतरते, कनेक्टरपाशी सुळका येतो आणि तंतू तुटला असेल तिथे रेघ कोसळते.

यंत्र बरोबर असते, पण ते तंतूची लांबी सांगते, रस्त्याची नव्हे. केबलच्या आत तंतू नळीत सैल आणि पीळ घालून ठेवलेला असतो, म्हणजे तो केबलपेक्षा थोडा लांब. त्यात प्रत्येक जॉइंटच्या खड्ड्यात पुढच्या दुरुस्तीसाठी केबलची वेटोळी ठेवलेली असतात. साडेतीन किलोमीटर तंतू म्हणजे रस्त्याने सव्वातीनही असू शकेल. मोटारसायकलच्या मीटरवर साडेतीन मोजून खणले तर चुकणारच. केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. टाकताना प्रत्येक खड्ड्यापाशी हा आकडा, वेटोळ्याची लांबी आणि जागा नकाशावर नोंदवली असेल, तर बिघाड जवळच्या जॉइंटपासून मोजून काही मीटरच्या आत गाठता येतो. आपल्याकडे नकाशा बहुधा काम केलेल्या कंत्राटदाराच्या मुकादमाच्या डोक्यात असतो, आणि मुकादम दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो.

ओटीडीआर वाचायलाही सराव लागतो. ठोका सुटताना यंत्राचे डोळे क्षणभर दिपलेले असतात, त्यामुळे सुरुवातीचे काही मीटर त्याला दिसत नाहीत. म्हणून मध्ये काहीशे मीटरचा वेगळा तंतू लावून मग खरी केबल जोडतात. कधी जॉइंटपाशी रेघ उतरण्याऐवजी चढते, जणू प्रकाश वाढला. तसे नसते. जोडलेल्या दोन तंतूंचे गाभे किंचित वेगवेगळे असले की परतणारा अंश बदलतो आणि यंत्र फसते. दोन्ही टोकांकडून मोजून सरासरी काढली की खरा आकडा मिळतो. एकाच टोकाकडून मोजून दिलेला अहवाल अर्धवट समजावा, मग त्यावर कितीही शिक्के असोत.

वारंवार तुटण्याचे कारण मात्र यंत्रात नसून चरात आहे. गावोगाव तंतू नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, पुढे तिचे नाव भारतनेट झाले. अशा सरकारी दूरसंचार कामांत साध्या मातीत चर १.६५ मीटर खोल, म्हणजे जवळपास पुरुषभर, खणावा असे रूढ माप आहे. त्यात ४० मिलिमीटरचा प्लॅस्टिकचा पाइप टाकायचा, वर माती, मग इशाऱ्याची पट्टी, पुन्हा माती, आणि बाजूला खुणेचे दगड. पाइप आतून गुळगुळीत असतो. कॉम्प्रेसरच्या हवेच्या झोताने त्यातून केबल पुढे ढकलतात, म्हणजे ताण कमी येतो. हाताने ओढायची असेल तर केबलच्या आतल्या मजबुतीच्या दोरीला धरून, आणि वळणावर केबलच्या जाडीच्या वीस पटींपेक्षा लहान त्रिज्या न देता.

खडक लागला की खोली कमी होते. तिथे लोखंडी पाइप किंवा काँक्रीट घालायचे असते, ते प्रत्येक वेळी घातले जातेच असे नाही. मग रस्ता रुंद करणारा किंवा पाण्याची पाइपलाइन टाकणारा जेसीबी येतो. खणण्याआधी केबलवाल्यांना कळवता यावे म्हणून मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे सरकारी ॲप आले. तुमच्या ग्रामपंचायतीने पाणीपुरवठ्याच्या किंवा रस्त्याच्या कामाचा आदेश देतानाच त्यावर नोंद करण्याची अट घातली, तर वर्षातले काही बंद नक्की टळतील.

आणखी एक अट मागून घ्यावी. केबल टाकण्याआधी ड्रमवर असतानाच ओटीडीआरने मोजलेली, टाकून झाल्यावर मोजलेली आणि जॉइंट पूर्ण झाल्यावर दोन्ही बाजूंनी मोजलेली, अशा तिन्ही वेळच्या रेघांच्या फायली. पहिली नसेल तर दोष कारखान्याचा की टाकणाऱ्याचा यावर भांडण होते. तिसरी नसेल तर पुढच्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याला आंधळी कोशिंबीर खेळावी लागते.

प्रश्न : तुटलेल्या केबलच्या टोकात मुलाने डोळा लावून पाहिले. काही दिसले नाही. धोका आहे का?
— एक वाचक, म्हापसा, गोवा

उत्तर : दिसणार नव्हतेच. हा प्रकाश अवरक्त असतो, त्यामुळे डोळा मिटण्याची आपोआपची क्रियाही होत नाही. घरापर्यंत येता येता तो काही मायक्रोवॉट उरतो, तेव्हा या खेपेला काळजीचे कारण नाही. पण रस्त्यावरच्या मुख्य केबलीत तो कितीतरी जास्त असतो आणि बाहेरून पाहून दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. कुठल्याच टोकात पाहू नये, भिंगातून तर नाहीच. लाल पेनचा झोतही थेट डोळ्यात घेऊ नये. बाजारातली काही पेने १० मिलिवॉटपेक्षा जास्त ताकदीची असतात.

घरातला खरा धोका कापलेल्या तुकड्यांचा आहे. आवरण सोललेला तंतूचा तुकडा फरशीवर दिसत नाही. तळव्यात किंवा बोटात घुसला की आतच तुटतो आणि चिमट्याने पकडता येत नाही. खाण्याच्या पदार्थात पडला तर आणखी वाईट. तंत्रज्ञ काम करताना तुकडे टाकायला डबी वापरतो का ते पाहा आणि जेवणाच्या टेबलावर त्याला काम करू देऊ नका. तो गेल्यावर ती जागा झाडू नका, तुकडे घरभर पसरतात. रुंद चिकटपट्टी फरशीवर दाबून उचला आणि पट्टी घडी करून बंद डब्यात टाका.